मंजूर चेहरा

विमानतळावर कावळा मारला तर पक्षीप्रेमी कोर्टात जातात, आणि नाही मारला तर प्रवासी जातात. मी नांद्रेश्वर विमानतळावर विधी अधिकारी म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या टेबलावर दोन्हीकडच्या नोटिसा एकाच फायलीत सुखानं नांदत होत्या. तुला कामाची ददात नाही बाई, असं मैत्रिणी म्हणायच्या. त्यांचं काय जातंय म्हणायला.

विमानतळाला जागा शोधणाऱ्यांनी ती अशी शोधली होती की त्यांना शाबासकीच द्यावी. धावपट्टीच्या एका टोकाला मटण मार्केट आणि दुसऱ्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीपलीकडं, कृष्णेचा घाट. सगळ्या नांद्रेश्वरचे दहावे याच घाटावर होतात. इकडं मांसाचे तुकडे, तिकडं पिंडाचा भात, आणि मधल्या आभाळात जेवून इकडून तिकडं जाणारे कावळे. विमान उतरताना त्यातला एखादा इंजिनात ओढला गेला तर पाती वाकतात. दोन-चार एकदम गेले तर इंजिन बंद पडतं. एकदा तसं झालंही. विमान कसंबसं टेकलं, कुणी दगावलं नाही, पण जिना उतरणाऱ्या माणसांचे चेहरे मी समोर उभी राहून पाहिले होते. त्यामुळं पुढं आम्ही जे केलं ते उगाच केलं, असं मी आजही म्हणत नाही.

मार्केट हलवायचं म्हटलं की मोर्चा. घाट हलवायचं म्हणायची तर कुणाची छातीच नव्हती. बार उडवून पाहिले, कावळे दोन दिवस दचकले आणि मग सरावले. वाघाचा मुखवटा लावलेलं ड्रोन फिरवलं, तर आठवड्याभरात कावळे त्याच्यावर बसून फेरी मारायला लागले.

त्याच सुमारास नवा कायदा आला. वन्यजीवांमुळं विमानांना होणारा धोका टाळण्यासाठी विमानतळानं आराखडा करायचा, तो वरून मंजूर करून घ्यायचा, आणि त्याप्रमाणं सद्हेतूनं जे काही केलं जाईल त्याबद्दल विमानतळावर कुणालाही दावा लावता येणार नाही. कुणालाही म्हणजे पक्षीप्रेमींना नाही, प्रवाशांना नाही, शेजाऱ्यांना नाही. अट एकच. आराखड्यात काडीचा बदल करायचा नाही. केला तर पुन्हा मंजुरी मिळेपर्यंत संरक्षण गेलं. आमच्या आराखड्याची कलमं मी लिहिली. इतकी घट्ट लिहिली की मुंबईच्या कार्यालयातून फोन आला, मॅडम, यातून मुंगीसुद्धा आत येणार नाही. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

उपाय शोधून काढला इरावती खोतनं. ती पक्ष्यांच्या वागणुकीची शास्त्रज्ञ, माझ्याच वयाची, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता खिडकीबाहेर बघणारी.

"कावळा माणसाचा चेहरा ओळखतो," पहिल्या बैठकीत ती म्हणाली. "गर्दीतून नेमका वेगळा काढतो. ज्या चेहऱ्यानं त्याला धरलं, कोंडलं, तो चेहरा तो वर्षानुवर्षं विसरत नाही. आणि एकट्यापुरता ठेवतही नाही. तो चेहरा दिसला की ओरडतो. बाकीचे जमतात, बघतात, शिकतात. मग त्यांची पिल्लं शिकतात. ज्या पिल्लांना त्या माणसानं कधी बोटसुद्धा लावलेलं नाही, तीही."

तिची योजना सरळ होती. ड्रोनच्या पोटाशी एक पडदा, पडद्यावर माणसाचा मोठा चेहरा. जाळ्यात काही कावळे धरायचे, तो चेहरा त्यांच्यासमोर आणायचा, धोक्याच्या वेळी कावळे ओरडतात तो आवाज वाजवायचा, आणि मग त्यांना सोडून द्यायचं. एकाही कावळ्याला इजा नाही. पुढं तो चेहरा घेऊन ड्रोन धावपट्टीवर घिरट्या घालत राहिलं की काम झालं. कागदोपत्री त्याचं नाव आकाशरक्षक, पण आमचे लोक त्याला उडतं बुजगावणंच म्हणायचे.

"आणि घाट?" संचालकसाहेबांनी विचारलं. "घाटावर कावळा शिवला नाही तर गाव आपल्याला जाळेल."

"घाटाला काही होणार नाही," इरावती म्हणाली. "आपण त्यांना जागेची भीती शिकवत नाही. चेहऱ्याची शिकवतोय. तो चेहरा घाटावर जाणारच नाही."

साहेबांनी तिथंच चहा मागवला.

राहिला प्रश्न चेहऱ्याचा. तो आला माझ्याकडं. संगणकानं बनवलेला चेहरा वापरावा, असं सगळ्यांचं म्हणणं. पण एवढ्या मोठ्या देशात बनवलेला चेहरासुद्धा कुणाच्या तरी चेहऱ्यासारखा निघतोच, आणि हल्ली चेहऱ्याच्या हक्काचे खटले काय थोडे आहेत? तेव्हा खऱ्या माणसाचा चेहरा घ्या, त्याची लेखी संमती घ्या, असं मी सुचवलं. शिवाय दोन कलमं घातली. चेहरा कुणाचा आहे हे गुप्त राहील, कारण ते फुटलं तर पक्षीप्रेमी तोच मुखवटा घालून कावळ्यांना शेव-पापडी खाऊ घालतील आणि सगळं शिकवलेलं पाण्यात. आणि चेहरा कशासाठी वापरला जाणार, हे संमती देणाऱ्याला सांगणं विमानतळावर बंधनकारक नाही.

"पण अशी सही कोण देईल?" साहेब म्हणाले.

इरावतीला ठसठशीत चेहरा हवा होता. जाड भुवया, भरघोस मिशी, कपाळावर आठ्या. ती हे सांगत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं आमच्या घरचं सकाळचं दृश्य येत होतं.

माझे वडील, अप्पा, म्हणजे मुरलीधर नेर्लेकर. नांद्रेश्वरच्या शाळेत जन्मभर पी.टी.चे मास्तर. अर्धं गाव त्यांच्या शिट्टीवर उठाबशा काढून मोठं झालेलं. निवृत्त झाल्यावरही रस्त्यानं चालले की चाळिशीतले बाप्ये पोट आत घ्यायचे. मी एकुलती एक, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आलेली, आणि त्यांनी त्यावर आजवर एक अक्षर विचारलेलं नाही. मायेनं म्हणा की बोलता येत नाही म्हणून म्हणा.

मी कागद पुढं ठेवला. "अप्पा, विमानतळाच्या सुरक्षेसाठी एक भारदस्त चेहरा हवाय. तुमचा देऊ?"

"तू वाचलंयस ना?"

"मीच लिहिलंय."

"मग बास," म्हणाले आणि चष्मा न लावताच सही केली. आत कॉटवर पडलेल्या आईनं विचारलं, "काय गं, पोस्टर लावणार काय ह्यांचं?" मी हसले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोटोच्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले, इरावतीनं रागावून बघा म्हटल्यावर त्यांनी असं बघितलं की तिचा मदतनीस मागं सरकला. पुढं कितीतरी दिवस ते पारावर सांगत होते, विमानतळावर माझा फोटो लागणार आहे म्हणून. मी ऐकत होते.

ड्रोन उडालं आणि पावसाळा संपायच्या आत धावपट्टी मोकळी झाली. अप्पांचा चेहरा घिरट्या घालत यायचा आणि कावळे दोन्हीकडून बोंब मारत लांब सरायचे. कुंपणाबाहेरच्या माणसांना एवढ्या उंचीवर नुसता काळा ठिपका दिसायचा. विमानं निर्धास्त उतरू लागली. इरावतीला परदेशातून बोलावणी आली, साहेबांना बढती मिळाली, आणि माझी कलमं दुसरे विमानतळ मागून घेऊ लागले.

आमच्या घरी एक रिवाज होता. पहिल्या भाकरीचा तुकडा कावळ्याला. आई तो परसातल्या भिंतीवर ठेवायची. तिचं हृदय थकलं, उठणं बंद झालं, तसं ते काम अप्पांनी घेतलं. हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी मी चहा घेत होते आणि परसात एकच कल्लोळ झाला. जाऊन बघते तर भिंतीवर, तारेवर, शेजारच्या पत्र्यावर कावळेच कावळे, आणि मधे अप्पा, डोक्यावर हात धरून. बोटांमधून रक्त येत होतं. भाकरीचा तुकडा भिंतीवर तसाच.

मला तिथंच कळलं.

"घरटं असेल जवळ," मी म्हटलं. हिवाळ्यात कसलं घरटं, हे पी.टी. मास्तरांना ठाऊक नव्हतं म्हणून निभावलं.

आई कॉटवरूनच खिडकीतून बघत होती. ती हसायला लागली. खूप दिवसांनी हसली ती. "आयुष्यभर पोरांवर ओरडलात. भेटलं की नाही कुणीतरी शेरास सव्वाशेर?"

अप्पांनाही तेव्हा हसू आलं. पण मग ते रोजचंच झालं. दूध आणायला निघाले की तारांवरून वरात निघायची. पारावर बसले की पिंपळ ओरडायला लागायचा. बाकीचे म्हातारे आधी थट्टा करायचे, मग हळूहळू उठून दुसऱ्या बाकावर बसायला लागले. जुने विद्यार्थी फोनवर चित्रफिती काढायचे. अप्पा हेल्मेट घालून भाजीला जाऊ लागले, मग जाईनासे झाले. एकदा जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "आपलं काही पितरांचं राहिलंय काय गं?" जन्मात देवाला हात न जोडणारा माणूस. मी म्हटलं, "काहीतरीच काय अप्पा," आणि त्यांना आमटी वाढली.

मी इरावतीकडं गेले. "किती लांबवर पसरलंय?" तिनं विचारलं, आणि मी घराचा पत्ता सांगितल्यावर तिचे डोळे चमकले. वाईट हेतूनं नाही. तिच्या शास्त्राला यश आलं होतं. मग तिला चेहरा कुणाचा ते आठवलं आणि तिनं मान खाली घातली.

"चेहरा बदलता येईल," ती म्हणाली. "पण शिकवलेलं पुसता येत नाही. ते जगतील तोवर ओळखतील, आणि पिल्लांना शिकवतील. फार तर मी ते आणखी घट्ट होण्यापासून थांबवू शकते."

तेवढं तरी करू म्हणून साहेबांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. "चेहरा बदलायचा म्हणजे आराखडा बदलायचा," ते म्हणाले. "म्हणजे नवी मंजुरी येईपर्यंत आपल्या डोक्यावर छप्पर नाही. मधल्या काळात एखादं विमान पडलं तर? ते कलम तुमचंच ना, नेर्लेकर मॅडम?"

माझंच होतं. निदान घरी तरी सांगावं. पण गुप्ततेवर माझीच सही, आणि खरं सांगायचं तर सही हे निमित्त. अप्पांपुढं उभं राहून, मी तुमचं तोंड कावळ्यांना विकलं, हे म्हणायची मला लाज वाटत होती. आईला बरं वाटू दे, मग सांगू, असं मी रोज स्वतःला सांगायची. आईला बरं वाटलंच नाही. माघात ती गेली, झोपेतच, अप्पांचा हात हातात असताना.

दहाव्याला घाटावर सगळे जमले. आईचा भाऊ, हणमंतमामा, तिच्या माहेरचे, अप्पांचे शाळेतले सहकारी, पारावरचे म्हातारे. मुलगा नाही म्हणून क्रिया अप्पाच करत होते. डोकं भादरलेलं, मिशी मात्र त्यांनी काढू दिली नव्हती. मिशी असावी की जावी यावरून न्हाव्याशी वाद झाला तेव्हा मी बाजूलाच होते. काढून टाका म्हणायचं होतं मला. कारण काय सांगणार होते?

गुरुजींनी पिंड मांडले. दर्भ, तीळ, वरून दही. आईला आवडायची म्हणून मामींनी शेजारी पुरणपोळी ठेवली. लोक मागं सरले. अप्पा एकटेच पुढं हात जोडून उभे राहिले. आणि कावळे आले. इतके आले की उंबराच्या फांद्या काळ्या झाल्या. पण एकही खाली येईना. सगळे अप्पांकडं तोंड करून ओरडत होते.

"मालन," अप्पा म्हणाले, "आपल्या केतकीची काळजी करू नको. मी आहे."

कावळे ओरडत राहिले. मामा जवळ आले. "दाजी, तिचं काहीतरी राहिलंय. आठवून बघा. बोला की."

"तुझ्या बहिणीशी भांडण मी धरून बसलो होतो. ते मिटलं. तिला मी स्वतः जाऊन आणीन." माहेरच्या बायकांत कुणीतरी हुंदका दिला. एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि पुन्हा वर गेला. अप्पांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव बघत होतं, ज्यांना त्यांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या ते सगळे.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, अप्पा, तुम्ही पायऱ्यांवरच्या त्या भिंतीमागं जाऊन उभे राहा. मी तोंड उघडलंही.

"तुला खो-खो खेळायचा होता," अप्पा म्हणाले.

मी तोंड मिटलं. खो-खो? माझी आई? तिच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की दूध उतू जायला लागलं की ती परसातून अशी धावत यायची की एक थेंब सांडायचा नाही. कुठं शिकलीस गं एवढं धावायला, विचारलं की म्हणायची, गरजेपोटी.

"तुझ्या गावच्या मैदानावर तुला खेळताना बघितली," अप्पा पिंडाकडं बघून बोलत होते, "आणि घरी येऊन सांगितलं, करीन तर हीच. आणि लग्न झाल्यावर तुला मैदानावर पाऊल टाकू दिलं नाही. जिल्ह्याच्या संघाचे मोहिते सर दारात आले होते तुला न्यायला. तू आत भाकऱ्या थापत होतीस. मी त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं. तू विचारलंस कोण होतं, तर मी म्हटलं, पत्ता चुकलेलं कुणीतरी."

घाटावर कुणी हलत नव्हतं. वर मात्र गोंगाट चालूच होता, आणि अप्पांना त्याच्या वरताण मोठ्यानं बोलावं लागत होतं. मैदानावर बोलायचे त्या आवाजात ते सगळं सांगत होते.

"लोक काय म्हणतील म्हणून केलं, असं मी मनाला सांगत आलो. ते खोटं आहे. भैरोबाच्या माळावर आपण दोघंच होतो, नवीन लग्न झालेलं. मी म्हटलं, चल, त्या लिंबापर्यंत. तू पदर खोचलास आणि माझ्या पुढं निघून गेलीस. लिंबाखाली उभी राहून हसत होतीस. मला सोसलं नाही ते, मालन. मी पी.टी. मास्तर. त्याच दिवशी मी ठरवलं. नंतर शाळेतल्या किती पोरींना पळायला शिकवलं, ढाली आणल्या. माझ्या घरात सगळ्यांत पुढं पळणारी होती, तिला मी चुलीपुढं बसवली." त्यांचा आवाज फाटला. "आता काय देऊ तुला? सांग. आता काय देऊ?"

एकही कावळा खाली आला नाही. अप्पा गुडघ्यावर बसले. मामांनी तोंड फिरवलं. ऊन चढलं तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून क्रिया उरकली. दोघांनी धरून अप्पांना पायऱ्यांवरून वर नेलं. ते भिंतीआड झाले मात्र, उंबरावरून सगळे कावळे एकदम पिंडावर उतरले. पुरणपोळीसुद्धा राहिली नाही. सगळ्यांनी पाहिलं. मामा हळूच म्हणाले, "त्यो जाईपर्यंत थांबली हुती."

ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अप्पांच्याही कानावर गेलं. त्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं. कावळ्यांना भिऊन नाही, माणसांना. तेराव्यालासुद्धा बाहेर आले नाहीत. जेवण दारातून आत द्यायचं, ताट दारातून बाहेर घ्यायचं. एका दुपारी ताट जसंच्या तसं आलं तेव्हा मी आत गेले, दार लावलं आणि सगळं सांगितलं. ड्रोन, पडदा, जाळी, सही, कलमं. बोलताना मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. समोर आईची कॉट होती, तिच्याकडं बघून बोलले.

त्यांनी कॉटवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "म्हणजे पोस्टर नव्हतं."

"नाही."

"मी पारावर सांगत होतो."

"हो, अप्पा."

"यावर काही दाद? कोर्ट?"

"कुणालाच नाही. तुम्हालाही नाही. ती वाट मीच बंद केलीय."

त्यांनी मान हलवली. विद्यार्थ्यानं चुकीचं पण मन लावून गणित केलं की हलवावी तशी. मग विचारलं, "घाटावर तुला ठाऊक होतं?"

"पहिला कावळा ओरडला तेव्हापासून."

"मग मला बोलू का दिलंस? गावासमोर?"

"आधी भीतीनं गप्प राहिले," मी म्हटलं. "पण मग तुम्ही आईचं बोलायला लागलात. मला ते ऐकायचं होतं. ती मला कधी सांगणार नव्हती, तुम्ही तर नाहीच नाही. पुढं काय म्हणताय ते ऐकायचं होतं, म्हणून थांबवलं नाही." हे म्हटल्यावर मला तिथं बसवेना, पण उठताही येईना.

अप्पा उठून खिडकीशी गेले, पडद्याच्या आड राहून. "एक सांग. तुझं यंत्र नसतं तर ती आली असती?"

"म्हणजे?"

"कावळा शिवला असता का? मी एवढं बोललो. ती ऐकून आली असती की नसती? माझ्यामुळं आली नाही की तुझ्या यंत्रामुळं? हे मला आता कळणार कसं, केतके?"

मी वकील. कुणाच्या कसल्याही प्रश्नाला माझ्याकडं उत्तर असतं. त्या दिवशी मी रडले, आणि अप्पांनी मला रडू दिलं, जवळ आले नाहीत.

संध्याकाळी मी म्हटलं, "मी गावाला सांगते सगळं. मामांना आधी. नोकरी गेली तर गेली."

"नको."

"लोक तुम्हाला नावं ठेवतात, अप्पा."

"ठेवू देत. ती रुसली असं वाटतंय ना त्यांना? वाटू दे. जन्मात एकदा रुसली नाही ती माझ्यावर. तेवढा तरी मान तिला राहू दे."

"मग निदान पुढं आराखडा बदलेल तेव्हा तुमच्या जागी माझा चेहरा घालते."

"अक्कल गहाण टाकलीस काय?" बऱ्याच दिवसांनी त्यांचा मैदानावरचा आवाज आला. "माझ्या वेळी घाटावर उभं कोण राहणार? तुला बघून एक कावळा येणार नाही. मला बोलायला लावलंस, तसं उद्या तूही बोलत बसशील." मग आवाज खाली आला. "एक कर मात्र. माझा फोटो ठेवू नको तिथं, पिंडापाशी. लोक ठेवा म्हणतील. ठेवलाच तर पालथा ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चुलीपाशी येऊन पहिल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या हातात दिला. स्वतः दाराआड उभे राहिले, फटीतून दिसेल एवढं दार उघडं ठेवून. मी परसात गेले. तारेवर एक कावळा होता. तुकडा भिंतीवर ठेवायच्या आतच तो खाली आला. माझ्या हाताशी, अगदी जवळ. मान वाकडी करून त्यानं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. वाटलं, आता ओरडेल.

तो ओरडला नाही. त्यानं तुकडा उचलला आणि तिथंच बसून खाल्ला. दाराआडून अप्पांनी हळूच विचारलं, "आला का गं?"

"आला," मी म्हटलं.